बेनेडिक्ट आणि बाययुरेट: तांबे दोन्हींत, अभिक्रिया मात्र वेगळी

शर्करा ओळखण्याचे बेनेडिक्ट परीक्षण बहुतेकांनी स्वतः केलेले असते, त्यामुळे त्याची उजळणी एका वाक्यात पुरेशी आहे: नमुन्याच्या द्रावणात निळा अभिक्रियाकारक मिसळून परीक्षानळी उकळत्या पाण्यात काही मिनिटे ठेवली की, क्षपणक शर्करा (इतर पदार्थाला इलेक्ट्रॉन देऊ शकणारी शर्करा) असल्यास, तिच्या प्रमाणानुसार हिरवा, पिवळा, नारिंगी किंवा विटकरी रंग दिसतो. घोटाळा होतो तो प्रथिनांचे बाययुरेट परीक्षण त्याच्या शेजारी आले की. दोन्हींत कॉपर सल्फेट असते, दोन्हींचे माध्यम अल्कधर्मी असते आणि दोन्हींची सुरुवात निळ्या रंगाने होते. म्हणून बाययुरेटची नळीही तापवली जाते आणि ‘निळा रंग बदलला, म्हणून पोषकद्रव्य आहे’ असे स्पष्टीकरण वहीत उतरते. असे स्पष्टीकरण शिक्षकांनी मान्य करू नये, कारण त्यात दोन्ही परीक्षणांचा गाभाच सुटलेला असतो.

तो गाभा म्हणजे तांब्याचे पुढे काय होते. बेनेडिक्ट परीक्षणात शर्करेचे ऑक्सिडीकरण होते आणि तिच्याकडून मिळालेल्या इलेक्ट्रॉनामुळे तांब्याच्या क्युप्रिक (दोन धनप्रभारांच्या) आयनाचे क्षपण होऊन तो क्युप्रस (एका धनप्रभाराचा) होतो. पाण्यात न विरघळणारे क्युप्रस ऑक्साइड मग विटकरी साक्याच्या रूपात खाली बसते. बाययुरेटमध्ये इलेक्ट्रॉनांची ही देवघेव होत नाही. तेथे सोडियम हायड्रॉक्साइडच्या तीव्र अल्कधर्मी द्रावणात पेप्टाइड बंधांतील (प्रथिनात अमिनो आम्लांना एकमेकांशी जोडणाऱ्या बंधांतील) नायट्रोजनवरचा हायड्रोजन निघून जातो, ते नायट्रोजन तांब्याच्या आयनाभोवती बांधले जातात आणि जांभळे जटिल संयुग तयार होते. तांबे आधी क्युप्रिक होते आणि शेवटीही क्युप्रिकच राहते. म्हणूनच एका परीक्षणात साका पाहायचा असतो, तर दुसऱ्यात द्रावणाचा रंग.

एवढे समजले की उष्णतेचा नियम पाठ करावा लागत नाही. शर्करेकडून होणाऱ्या क्षपणाला वेग येण्यासाठी उष्णता हवी; जटिल संयुग सामान्य तापमानालाच तयार होते. बाययुरेटची नळी तापवली, तर उरलेल्या कॉपर हायड्रॉक्साइडपासून काळे कॉपर ऑक्साइड तयार होऊ शकते. शिवाय दुधासारख्या नमुन्यात प्रथिनांबरोबर लॅक्टोज ही क्षपणक शर्कराही असते. तेथे तापवणे म्हणजे एकाच नळीत दोन परीक्षणे मिसळणे होय.

कॉपर सल्फेट ओतण्याच्या घाईबद्दलही माझा ठाम आक्षेप आहे. बेनेडिक्टच्या एक लिटर द्रावणात 17.3 ग्रॅम कॉपर सल्फेटसाठी 173 ग्रॅम सोडियम सायट्रेट घातलेले असते, आणि ते तांब्याला द्रावणातच धरून ठेवते. बाययुरेटसाठी दोन साधी द्रावणे वेगवेगळी मिसळली जातात तेव्हा असे संरक्षण नसते, त्यामुळे जादा कॉपर सल्फेटमुळे निळा साका तयार होतो आणि फिकट जांभळा रंग त्यात झाकला जातो. आधी अल्क मिसळावे, मग एक टक्का कॉपर सल्फेट थेंबाथेंबाने घालून नळी हलवत राहावे.

नकारात्मक निष्कर्षाची भाषाही काटेकोर हवी. बेनेडिक्टमध्ये रंग बदलला नाही म्हणून ‘साखर नाही’ असे लिहिणे चूक आहे, कारण सुक्रोज, म्हणजे रोजच्या वापरातली साखर, क्षपणक नाही. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर उकळून तिचे विघटन करावे, द्रावण उदासीन करावे आणि मगच परीक्षण पुन्हा करावे. त्याचप्रमाणे बाययुरेटला रेणूत किमान दोन पेप्टाइड बंध लागतात. विकरांनी प्रथिनांचे पूर्ण विघटन करून सुटी अमिनो आम्ले उरली असतील, तर अपेक्षित जांभळा रंग येणार नाही. अशा नमुन्यासाठी निनहायड्रिन हा अमिनो आम्ले ओळखणारा अभिक्रियाकारक वापरावा.