अरिष्ट : बायबलमधील नैसर्गिक आपत्तीचा विचार

भूकंप, पूर, वादळ, टोळधाड, दुष्काळ, रोगाची साथ यांना मराठी बायबलमध्ये पुष्कळदा 'अरिष्ट' म्हटलेले आढळते. मूळ हिब्रूत अशा ठिकाणी बहुधा 'राआ' हे नाम असते. त्याचे विशेषण 'रा'. हाच शब्द पापी माणसाच्या वागण्यालाही लावलेला असल्याने नैसर्गिक आपत्ती पापाच्याच जातीची मानायची का, असा वाद उभा राहिला. इंग्रजीतून बायबल वाचणाऱ्याला तो फार बिकट वाटतो. मराठी वाचकाला तितका वाटू नये, कारण 'रा'ला आपल्याकडे जवळजवळ तंतोतंत जोड आहे : वाईट.

यिर्मया संदेष्ट्याला दिसलेल्या टोपलीतले नासके अंजीर 'रा' आहेत. यरीहोचे लोक अलीशा संदेष्ट्याकडे गाऱ्हाणे आणतात की गाव झकास आहे, पण पाणी 'रा' आहे. मिसरचा राजा फारो याच्या स्वप्नातल्या हाडकुळ्या गाईही 'रा'च. अंजिराने कोणते पाप केले, असे तिथे कोणी विचारत नाही. मराठीतही 'वाईट माणूस' म्हणताना दोष दिलेला असतो, 'वाईट बातमी' म्हणताना नसतो, आणि 'ऐकून वाईट वाटलं' यात तर दोषाचा प्रश्नच येत नाही. योनाच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात हा शब्द दोन्ही अंगांनी एकाच वाक्यात येतो. निनवेचे लोक आपल्या 'रा' मार्गावरून मागे फिरले, तेव्हा देवानेही त्यांच्यावर आणायचा 'राआ' आणला नाही. पहिला 'रा' म्हणजे दुराचार, दुसरा 'राआ' म्हणजे अरिष्ट.

यशया ४५:७ या वचनावर सर्वांत जास्त शाई खर्ची पडली आहे. तिथे परमेश्वर स्वतःला प्रकाश आणि अंधार, 'शालोम' आणि 'रा' यांचा कर्ता म्हणवतो. १६११च्या किंग जेम्स या इंग्रजी भाषांतरात 'रा'साठी पापालाही चालणारा शब्द आला आणि देवच पाप निर्माण करतो की काय, अशी शंका पिढ्यान्‌पिढ्या छळत राहिली. पण वचनातली जोडी पाहिली की शंका बरीच निवळते. 'रा'समोर इथे नीतिमत्त्व उभे नाही, शालोम उभा आहे. म्हणजे शांती, क्षेमकुशल. क्षेमाच्या उलट अरिष्ट. आमोस ३:६ मध्येही, नगरावर अरिष्ट आले तर ते परमेश्वराशिवाय कोण आणणार, असाच सवाल आहे.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाने पुढे नैसर्गिक अनिष्ट आणि नैतिक अनिष्ट असे दोन कप्पे केले. मराठी मुलखाला ही वाटणी नवी नाही. आपण तिला अस्मानी आणि सुलतानी म्हणतो. बायबलला दोन्ही ठाऊक आहेत, पण ते कप्पे बंद ठेवत नाही. निर्दोष ईयोबाकडे एकामागून एक चार निरोपे येतात : शबाई लोकांनी बैल पळवले, आकाशातल्या अग्नीने मेंढरे जळाली, खास्दी लोकांनी उंट नेले, रानातून सुटलेल्या वाऱ्याने घर कोसळून मुले गेली. सुलतानी, अस्मानी, सुलतानी, अस्मानी. ईयोब मात्र या सगळ्याला मिळून एकच 'रा' म्हणतो, आणि देवाकडून चांगले घ्यायचे तर हे घ्यायचे नाही काय, असे बायकोला विचारतो. दावीद राजाचा किस्सा याहून बोलका आहे. शिरगणतीच्या अपराधाबद्दल त्याच्यापुढे तीन शिक्षा ठेवल्या जातात : काही वर्षांचा दुष्काळ, तीन महिने शत्रूपुढे पळ किंवा तीन दिवसांची मरी. माणसांच्या हाती पडण्यापेक्षा परमेश्वराच्या हाती पडलेले बरे, असे तो म्हणतो. सुलतानीपेक्षा अस्मानी पत्करली! मरीत सत्तर हजार माणसे मेली, असे शमुवेलाचे दुसरे पुस्तक सांगते. तेव्हा दावीदच कळवळून विचारतो, पाप मी केले, या मेंढरांनी काय केले? त्या प्रश्नाला ग्रंथात उत्तर नाही.

आपत्ती म्हणजे शिक्षा, हे समीकरण जुन्या करारात आहेच. जलप्रलय, सदोम नगराचा नाश, योएल संदेष्ट्याच्या पुस्तकातली टोळधाड ही त्याची ठळक उदाहरणे. पण त्याला जुन्या करारातूनच धक्के बसतात. 'तू काहीतरी केलेच असणार' असे ईयोबाला बजावणाऱ्या मित्रांना शेवटी देवच झिडकारतो. नव्या करारात हा धक्का आणखी जोराचा आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात रोमन सुभेदार पिलाताने कापून काढलेल्या गालीलकरांची बातमी येशूला सांगितली जाते. त्याला लागूनच तो शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेल्या अठरा जणांची आठवण काढतो आणि विचारतो, हे लोक बाकीच्या यरुशलेमकरांपेक्षा जास्त अपराधी होते असे वाटते का? उत्तर 'नाही' असे आहे. त्यावर पश्चात्तापाचा इशारा आहे, तो ऐकणाऱ्यांना. (मुंबईच्या वाचकाला हा उतारा दरवर्षी पावसाळ्यात आठवावा. इमारत पडली की आपल्याकडे पहिला प्रश्न रहिवाशांच्या पापाचा येत नाही, खांब कोणी तोडला आणि नोटीस कधी दिली होती, हा येतो. बुरूज कोणी बांधला, हे लूकने सांगितलेले नाही.) २६ जुलै २००५च्या पावसातही ही सरमिसळ होती. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, ते अस्मानी; आवळलेले मिठी नदीचे पात्र आणि ताशी जेमतेम २५ मिलिमीटर पाणी वाहून नेणारी जुनी गटारे, ही सुलतानी.

एका ठिकाणी मात्र, आपत्ती वाईट पण दोषी नव्हे, हे वरचे सरळ उत्तर डळमळते. मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशू वादळाला 'गप्प राहा' म्हणून दटावतो. तिथली ग्रीक क्रियापदे पहिल्या अध्यायात अशुद्ध आत्म्याला दटावताना वापरलेलीच आहेत. म्हणजे वादळ निव्वळ हवामान नाही, त्यात काहीतरी वैर भरलेले आहे, असे मार्कला सुचवायचे दिसते. पौल रोमकरांस लिहिताना सारी सृष्टी प्रसूतिवेदनांनी कण्हत असल्याचे सांगतो. तिथेही सृष्टी बिघडलेली आहे, पण ती आरोपी नाही, पीडित आहे. याउलट होरेब डोंगरावर एलीया संदेष्ट्यासमोर वारा, भूकंप आणि अग्नी येऊन जातात आणि तिन्हींत परमेश्वर नसतो. तो त्यानंतरच्या मंद वाणीत असतो. या उताऱ्यांना एका सूत्रात ओवण्याचे प्रयत्न झाले आहेत. ते ओढूनताणून केलेले वाटतात.

पुढच्या चर्चेतील टप्पे थोडक्यात : ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनने अनिष्ट म्हणजे चांगल्याचा अभाव अशी मांडणी केली, जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्सने १७१० मध्ये अनिष्टाचे तात्त्विक, भौतिक व नैतिक असे तीन प्रकार केले. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बन भूकंपाने उद्ध्वस्त झाले आणि हे जग शक्य त्यांतले सर्वांत उत्तम, या लायब्निट्सच्या आशावादावर फ्रेंच लेखक व्हॉल्टेअरने कवितेतून हल्ला चढवला.

मुंबईत हा विचार दगडात पाहायला मिळतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ब्युबॉनिक प्लेगचे निदान केले. त्या साथीच्या काळात वांद्रे, गिरगाव, माझगाव इथल्या ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबईकडचे मूळ ख्रिस्ती) आणि इतर ख्रिस्ती वस्त्यांत दारापाशी, गल्लीच्या तोंडाशी क्रूस उभे राहिले. त्यांना आजही प्लेगचे क्रूस म्हणतात. काहींच्या चौथऱ्यावर साल कोरलेले आहे, अक्षरांत वर्षानुवर्षांचा चुना बसलेला. क्रूस आता पार्क केलेल्या स्कूटरच्या आड गेला असला तरी गळ्यात झेंडूचा हार असतो. दावीदानेही मरी थांबली त्या खळ्यावरच वेदी बांधली होती.

कॅथलिक परंपरेत संकटकाळी म्हणायच्या संतांच्या जुन्या लितानीत, म्हणजे आळीपाळीने म्हणायच्या प्रार्थनामालेत, सोडवणुकीच्या मागण्या एका दमात येतात : सर्व वाइटापासून, सर्व पापापासून, वीज आणि वादळापासून, भूकंपाच्या फटक्यापासून, मरी, दुष्काळ आणि युद्धापासून. प्रत्येक मागणीनंतर जमलेल्यांनी म्हणायची ओळ एकच : हे प्रभो, आम्हाला सोडव.