जुन्या दुचाकीची पेट्रोलची टाकी घरी नवी करताना: आधी आतून, मग बाहेरून

वडिलांची येझदी, कॉलेजात असताना घेतलेली आरएक्स 100, मामांकडून आलेली बुलेट. अशा गाड्यांची टाकी घेऊन येणारा प्रत्येकजण आधी रंगाचं विचारतो. आम्ही मात्र झाकण उघडून आत बॅटरी मारतो. आरएक्स 100 आणि जुनी येझदी, दोन्ही गाड्या 1996 मध्ये बनायच्या थांबल्या. म्हणजे त्यांतली सगळ्यात तरुण टाकीसुद्धा तिशीच्या घरात आहे, आणि तिचं दुखणं आतल्या पत्र्यात असतं.

धंद्याच्या सुरुवातीला आम्हीच एक टाकी आरशासारखी चमकवून दिली होती. आतला गंज तसाच राहिला. दोन महिन्यांत खालच्या जोडापाशी रंगाला फोड आला, फोडाखाली सुईच्या टोकाएवढं भोक निघालं. ती टाकी आम्ही पुन्हा पहिल्यापासून केली. तेव्हापासून आमच्याकडे क्रम ठरलेला आहे. शिवाय गंज काढायचं पाणी बाहेर ओघळलं की नवा रंग खराब होतो, म्हणूनही आतलं काम आधीच उरकायला हवं.

टाकी खोगिरासारखी असते, मधल्या फुगवट्याच्या दोन्ही बाजूंना खाली खोलगट कप्पे. पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे ते तिथेच तळाशी बसतं आणि पत्रा तिथूनच खातं. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणार असाल तर हे जास्तच लक्षात ठेवा. पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं.

घरी कधीच करू नका

टाकीला वेल्डिंग किंवा गॅसची ज्योत लावू नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते. हवेत पेट्रोलची वाफ साधारण 1.4 ते 7.6 टक्के असली की ठिणगीने भडका उडतो, आणि नुकत्याच रिकाम्या केलेल्या टाकीत नेमकं तेवढं मिश्रण तयार होऊ शकतं. भोक बुजवायचं असेल तर टाकी आमच्याकडे आणा किंवा या कामाची सवय असलेल्या कारागिराकडे द्या. यावर आम्ही कधीही तडजोड करत नाही.

आतली सफाई

पेट्रोल मोकळ्या हवेत धातूच्या कॅनमध्ये काढा, गटारात ओतू नका. कॉक (पेट्रोलचा नळ), झाकण आणि फ्लोट (पेट्रोलची पातळी दाखवणारा तरंगता भाग) असेल तर तोही काढून ठेवा. खालची तोंडं बुचाने बंद करून, गरम पाणी आणि भांड्याचा साबण घालून टाकी तीनदा हलवून धुवा. येझदीसारख्या गाडीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचे, त्यामुळे तिच्या तळाला चिकट राप बसलेला असतो. तो निघेपर्यंत धुवत राहा. राप राहिला तर पुढचं पाणी गंजापर्यंत पोचतच नाही.

गंजासाठी आम्ही लिंबूसत्त्व देतो. लिटरमागे 75 ते 100 ग्रॅम, म्हणजे 10 लिटरच्या टाकीला किलोभर पुरतं. कोमट पाण्यात विरघळवून टाकी तोंडापर्यंत भरा, झाकण घट्ट लावू नका, आणि 12 तासांनी आत बघा. गंज जाड असेल तर आधी 25 नट टाकून टाकी घोंगडीत गुंडाळून हलवा. नट मोजून टाका, मोजूनच काढा. चोविसावा नट निघाला आणि पंचविसावा सापडत नाही, ही रात्र आम्ही स्वतः पाहिली आहे. बाथरूमचं अ‍ॅसिड वापरू नका. ते गंजाबरोबर चांगला पत्राही खातं, आणि जावाच्या टाकीचा क्रोमही सोडत नाही.

पाणी काढलं की खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, मग साध्या पाण्याने, आणि लगेच कोरडी करा. खरी घाई इथेच आहे: उघडा पत्रा अर्ध्या तासात पुन्हा तांबूस दिसू लागतो. पेट्रोलचा वास पूर्ण गेला असेल तरच हेअर ड्रायर लावा. टाकी कोरडी होताच आत थोडं टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक गाडीचं ऑइल) फिरवून ठेवा. आतून लायनर (पत्र्यावर बसणारा संरक्षक थर) करायचा असेल तर मात्र ऑइल घालू नका. पत्रा शाबूत असेल तर लायनर लागतच नाही, असं आमचं मत आहे. लावायचाच असेल तर इथेनॉलला टिकणारा घ्या, नाहीतर त्याचे पापुद्रे सुटून कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकतात.

मग बाहेरचं

जुना रंग काढण्याआधी पट्ट्यांचे आणि लोगोचे फोटो काढा, बटर पेपरवर छाप घ्या, मापं लिहून ठेवा. मूळ रंग बघायचा तर गुडघ्याच्या रबराखाली किंवा टाकीच्या पोटाशी बघा, तिथे ऊन लागलेलं नसतं. रंग बदलायचा असेल तर आधी आरटीओत चौकशी करा, आरसीवर रंगाची नोंद असते.

पोचे शक्य तितके उचलून घ्या. राहिलेल्या खोलगटीवर लांबी (पुट्टी) दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड भरू नका. जाड लांबी उन्हात तडकते. नंतर 120, 220 आणि 400 चा पॉलिश पेपर, मग प्रायमर. प्रायमरवर काळ्या रंगाची हलकी धूळ उडवून 600 च्या वॉटर पेपरने घासा. जिथे काळं राहील तिथे अजून खड्डा आहे.

रंगाचे तीन पातळ हात द्या, दोन हातांच्या मध्ये 10 ते 15 मिनिटं जाऊ द्या. साध्या स्प्रे कॅनचा रंग पेट्रोल सांडलं की विरघळतो, म्हणून वरचा क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) हार्डनरवालाच, म्हणजे तो कडक करणारं रसायन मिसळलेला, हवा. पण त्या हार्डनरची वाफ फुप्फुसाला घातक असते आणि कापडी मास्कने ती अडत नाही. म्हणून प्रायमर आणि रंगापर्यंतचं काम घरी करा आणि क्लिअरसाठी टाकी आमच्याकडे आणा. बुलेटच्या टाकीवरची सोनेरी रेघ ओढायची असेल तर ती क्लिअरच्या आधी, लांब केसांच्या ब्रशने.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, रंगाचं काम धरू नका. ओलसर हवेत रंगावर पांढुरकी झाक येते. दसऱ्याला गाडीची पूजा करायची असते, म्हणून भाद्रपदात आमच्याकडे गर्दी होते. खरं तर आतली सफाई आणि पत्र्याचं काम उन्हाळ्यातच सुरू करा. क्लिअरनंतर निदान आठवडाभर टाकीत पेट्रोल भरू नका, आणि महिनाभर मेण लावू नका. टाकी बसवताना कॉकचा रबर वॉशर नवा घाला, पाइपमध्ये फिल्टर बसवा, आणि पहिल्यांदा लिटरभरच पेट्रोल टाकून खालचा जोड बोटाने चाचपून बघा.