ईश्वराला देह लागतो का? किमान लक्षणांच्या वादाची पार्श्वभूमी

न्याय या तर्कप्रधान दर्शनाच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांत, ईश्वराचा विषय जेमतेम तीन सूत्रांत (4.1.19–21) उरकला आहे, तोही कर्मफळाच्या ओघात. ईश्वर म्हणायला निदान काय काय असावं लागतं, हा प्रश्न तापला तो पुढे, बौद्ध, जैन आणि मीमांसक हे नैयायिकांच्या (न्यायदर्शनाच्या अनुयायांच्या) ईश्वर सिद्ध करणाऱ्या अनुमानावर तुटून पडले तेव्हा.

अनुमान परिचयाचं आहे: घडा कार्य आहे आणि त्याला कर्ता आहे, अंकुरही कार्यच, तेव्हा त्यालाही कर्ता हवा. प्रतिपक्षाने बोट ठेवलं कुंभारावर. त्याला हात आहेत, तो चाक फिरवतो. आजवर पाहिलेला प्रत्येक कर्ता देहधारी. मग ईश्वराला देह माना आणि तो कोणी घडवला ते सांगा, नाहीतर त्याला कर्ता म्हणणं सोडा.

नैयायिकांनी यावर जे केलं, ते मला भारतीय तर्कपरंपरेतलं फार धाडसाचं पाऊल वाटतं. त्यांनी कर्त्याच्या लक्षणातून देहच वगळला. उपादानाचं, म्हणजे ज्यातून वस्तू घडते त्या द्रव्याचं, प्रत्यक्ष ज्ञान, चिकीर्षा (करण्याची इच्छा) आणि कृती (प्रयत्न), एवढं असलं की कर्ता झाला. मातीची जाण, घडा करावा ही इच्छा, त्यासाठीचा प्रयत्न. हात हलतात ते त्यानंतर. आणि स्वतःचा हात उचलताना आत्म्याला दुसरा देह कुठे लागतो? आता अंकुराचं मूळ उपादान म्हणजे परमाणू. ते सगळे प्रत्यक्ष जाणणारा सर्वज्ञच असणार, म्हणजे सर्वज्ञता वेगळी मागावी लागली नाही.

अडचण इथेच आहे. आपलं ज्ञान, इच्छा, प्रयत्न देहाच्या आधाराने उपजतात आणि विरतात. ईश्वराचे मात्र नित्य मानावे लागले. नित्य इच्छा कोणी पाहिली आहे? या आक्षेपाला उत्तरं पुष्कळ दिली गेली, पण तो निकाली निघाला असं मला वाटत नाही. ईश्वर एकच, याला तर ‘एकच मानण्यात लाघव’, म्हणजे कमीत कमी गोष्टी मानाव्या लागतात, हाच मुख्य आधार. राजवाडा बांधायला अनेक लागतात, हे दक्षिणेतल्या ईश्वरवादी वेदान्त्यांनीच सुनावलं; त्यांच्या मते ईश्वर शास्त्रावरूनच कळतो.

पुढे बंगालमधल्या नवद्वीपच्या एका नव्य (न्यायाच्या नंतरच्या, नव्या शाखेतल्या) नैयायिकाने दिशा आणि काल ही वेगळी द्रव्यं न मानता ईश्वरातच जमा केली. ईश्वराला नित्य सुख आहे का, यावरही टीकाकार भांडले. आपल्या पाठशाळांत आजही सुरुवातीला शिकवल्या जाणाऱ्या, 17व्या शतकातल्या तर्कसंग्रहात यातलं काही नाही: ईश्वर सर्वज्ञ, परमात्मा, एकच. कर्त्याचं ते तीन अटींचं लक्षण ग्रंथकाराने स्वतःच्याच दीपिका टीकेत दिलं आहे.