पाइनच्या सुयांनी जमीन आम्लधर्मी होते का?

‘पाइनच्या सुया गळून माती आम्लधर्मी होते, म्हणून त्याखाली काही उगवत नाही.’ हा समज वर्षानुवर्षे फिरतोय. तो पटतोही, कारण झाडाखाली खरंच ओकंबोकं दिसतं आणि ताज्या सुया आम्लधर्मी असतातच.

पण भूमध्य समुद्राकाठचा अलेप्पो पाइन पाहा. स्पेन, ग्रीसमधल्या चुनखडीच्या डोंगरउतारांवर तो पिढ्यान्‌पिढ्या सुया गाळतोय, तरी तिथली जमीन अल्कधर्मीच आहे. सुया कुजताना सूक्ष्मजीव बरीचशी आम्लता संपवतात, उरलेली चुना शोषतो. चुना नसलेल्या मातीत वरच्या थरात थोडा फरक पडू शकतो, एवढंच. मग उगवत का नाही? दाट सावली, वरचं पाणी ओढून घेणारी मुळं आणि सुयांचा जाड थर. या थरातून बी मातीपर्यंत पोचतच नाही.

घरी तपासता येतं. झाडाखालची आणि झाडापासून बऱ्याच लांबची, सारख्याच खोलीवरची माती घ्या. दोन्ही डिस्टिल्ड वॉटरमध्ये कालवून निवळू द्या आणि पीएच पट्टीने सामू पाहा.

आणि कृपा करून सुया जाळू नका. खोडापासून जरा दूर, दोन-तीन बोटं जाडीचं आच्छादन केलं तर उन्हाळ्यात मातीत ओल टिकते.