आरोग्य केंद्राच्या भिंतीवर किती योजना मावतात?

सातारा किंवा सांगली जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या प्राथमिक आरोग्य केंद्रासमोर पाच मिनिटे उभे राहिलात, तर सरकारी आरोग्यसेवेचा निम्मा इतिहास भिंतीवरच वाचता येतो. दाराशी कोनशिला, तिच्यावरच्या मंत्रिमहोदयांच्या नावातला एखादा काना उडालेला. पोपडे आलेल्या चुन्याखाली कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण. त्याच्या शेजारी ग्रामीण आरोग्य अभियानाचे बोधचिन्ह, मग '१०८' चा फलक आणि अगदी अलीकडे 'आयुष्मान आरोग्य मंदिर'. एकावर एक दिलेले हे रंगाचे हात म्हणजे एकेका काळात आलेला पैसा. प्रत्येक पैसा वेगळ्या वाटेने आला, आपापली वही घेऊन आला आणि आधीची वही बंद न करताच स्थिरावला.

या भागात ज्या दवाखान्याचे नाव झाले तो मात्र सरकारच्या पैशाने आला नव्हता. विल्यम वानलेस हे मिशनरी डॉक्टर १८८९ साली हिंदुस्थानात आले आणि १८९४ साली मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले. मिरज रेल्वेचे जंक्शन असल्याने रोगी गाडीने येत, नातेवाईक आवारातच चूल मांडत. 'मिरजेला न्या' हे शब्द या पट्ट्यात औषधाच्या चिठ्ठीइतकेच रुळले. १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही मिरजेलाच मिळाले. कृष्णाकाठ, रेल्वे, बाजारपेठ जिथे, तिथे डॉक्टर. जत, माण, खटाव किंवा कोयनेपलीकडची खोरी नकाशावर तेव्हाही होती, पण दवाखान्याच्या वाटेवर नव्हती. पुढे सरकारी निधीला या जुन्या असमतोलाशीच झगडावे लागले, आणि तो निधी नेहमीच झगडला असेही नाही.

सरकारी सेवेची कागदावरची सुरुवात सर जोसेफ भोर यांच्या समितीची. १९४३ साली नेमलेल्या या समितीने १९४६ च्या अहवालात सुचवले, की उपचार आणि रोगप्रतिबंध एकाच छताखाली आणा आणि निदान चाळीस हजार लोकांमागे एक प्राथमिक केंद्र द्या. २ ऑक्टोबर १९५२ ला समाजविकास कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा प्रत्यक्षात एका विकासगटाला एक केंद्र, एवढ्यावर भागवावे लागले. मैदानी भागात तीस हजारांना एक केंद्र व पाच हजारांना एक उपकेंद्र, डोंगरी भागात वीस हजार व तीन हजार, हे आजचे निकष त्यानंतर बऱ्याच वर्षांनी ठरले.

महाराष्ट्राने यात एक वेगळा पेच घातला. यशवंतराव चव्हाणांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात १९६१ चा जिल्हा परिषद कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कारभार पाहू लागल्या. (चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातले. १९४९ च्या विभाजनात ते दक्षिण साताऱ्यात गेले आणि १९६० साली त्या जिल्ह्याचेच नाव सांगली झाले.) प्राथमिक केंद्रे व उपकेंद्रे जिल्हा परिषदेकडे आली; ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि सिव्हिल राज्याच्या आरोग्य विभागाकडे राहिले. एकीकडे जिल्हा आरोग्य अधिकारी, दुसरीकडे जिल्हा शल्यचिकित्सक. पेशंटला हे ठाऊक नसते, आणि असण्याचे कारणही नाही. पण केंद्रातून 'रेफर'ची चिठ्ठी घेऊन तो तालुक्याला जातो, तेव्हा नकळत एका खात्याच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत शिरतो. त्याची माहिती त्याच्यामागून जात नाही. गेलीच तर चुरगळलेल्या केसपेपरच्या रूपाने.

सत्तरच्या दशकात किमान गरजा कार्यक्रमाने इमारतींना चालना दिली. मला विचाराल तर खेड्यातल्या केंद्रात आलेले पहिले खरे तंत्रज्ञान संगणक नव्हेच. ते म्हणजे आयएलआर, लसींचा तो झाकण वर उघडणारा शीतकपाट. १९८५ साली सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला आणि दोन ते आठ अंश तापमान राखणे ही सिस्टरची रोजची जबाबदारी झाली. भारनियमनाच्या वर्षांत तापमानाच्या तक्त्यावर सकाळ-संध्याकाळ आकडा लिहिणे, लसी शीतपेटीत भरून उपकेंद्राला पोचवणे, उरलेल्या परत आणणे असा तो व्याप. ही यंत्रणा टिकली, कारण यंत्राबरोबर माणूस, प्रशिक्षण, बर्फाचे पॅक आणि दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ हे सगळे एकाच कार्यक्रमात बांधलेले होते. नंतरच्या पुष्कळ यंत्रांच्या नशिबी हे आले नाही. खरेदीला एक लेखाशीर्ष (अंदाजपत्रकातले खाते), चालवणाऱ्याच्या पगाराला दुसरे, आणि वार्षिक देखभालीला बहुधा कुठलेच नाही.

१२ एप्रिल २००५ ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले. आरोग्यावरचा सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.९ टक्क्यावरून २ ते ३ टक्क्यांवर नेण्याचे त्याचे उद्दिष्ट होते. ते साधले नाही. २०१७ च्या आरोग्य धोरणाने २.५ टक्क्यांसाठी २०२५ ची नवी मुदत घातली. तरीही गावपातळीवर या अभियानाने दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे आशाताई. दुसरी कमी बोलली जाते: अबंधित निधी. उपकेंद्राला सुरुवातीला वर्षाला दहा हजार रुपये, कशावर खर्चायचे ते वरून न सांगता. नळाची तोटी, पडदा, बल्ब, रिक्षाभाडे. रक्कम किरकोळ, पण तोपर्यंत तोटी बदलायलाही प्रस्ताव वर पाठवावा लागे. २०१५-१६ पासून अभियानाच्या खर्चात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० झाला. माणसे मात्र भरली ती मुख्यतः कंत्राटी. एकाच केंद्रात जिल्हा परिषदेची सेविका, राज्य संवर्गातला वैद्यकीय अधिकारी आणि अभियानाचा कंत्राटी कर्मचारी शेजारी बसतात, पगार तीन वाटांनी येतो. २०२३ साली कंत्राटी कर्मचाऱ्यांनी राज्यभर संप केला, तेव्हा केंद्रांचा किती भार त्यांच्या खांद्यावर आहे ते दिसले.

पुढची भर रस्त्यावरची. २०१४ च्या जानेवारीत राज्यात १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली. ९३७ रुग्णवाहिका, त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक साधनांच्या. महामार्गावरच्या अपघाताला तिचा फरक लगेच जाणवला. कांदाटी खोऱ्याचे गणित निराळे: कोयनेच्या शिवसागर जलाशयाने जुन्या वाटा गिळल्या आणि पलीकडच्या गावांना तापोळा-बामणोलीकडे यायला लाँच लागते. गाडी किनाऱ्यापर्यंतच येणार. जतच्या पूर्वेकडचा माणूस तर सांगलीपेक्षा विजापूर बरे म्हणतो. त्याची भाषाही पुष्कळदा कन्नड. जिल्हानिहाय बेतलेल्या योजनेत हे बसत नाही.

विम्याची वाट २०१२ पासूनची. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २१ नोव्हेंबर २०१३ ला राज्यभर गेली आणि २०१७ साली महात्मा फुल्यांच्या नावाने पुढे चालू राहिली. मोठी शस्त्रक्रिया गरिबाला परवडू लागली, हे खरे. पण हा पैसा मोठ्या रुग्णालयाकडे जातो, म्हणजे पुन्हा मिरज, सांगली, कऱ्हाड, साताऱ्याकडेच.

मग संगणकाचा पडदा आला. मुंबईच्या केईएम रुग्णालयाशी दूरवैद्यकाने, म्हणजे पडद्यावरून मिळणाऱ्या सल्ल्याने, जोडलेल्या पहिल्या जिल्हा रुग्णालयांत साताऱ्याचे सिव्हिल होते. ते जाळे तज्ज्ञ डॉक्टरांपर्यंत पोचायचे, पण जिल्ह्याच्या ठिकाणाहून. २०१९ साली सुरू झालेल्या ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेने तेच काम उपकेंद्रातल्या टॅबवर आणले. करोनाने त्याला वेग दिला. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात रुग्ण सापडले, तेव्हा जिल्हाभराच्या नजरा पुन्हा मिरजेकडेच वळल्या. त्याआधी २०१८ पासून उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी नेमणे सुरू झाले होते. रक्तदाब, साखर तपासणारा आणि पडद्यावर डॉक्टर जोडून देणारा हा माणूस नसता, तर टॅब कपाटातच राहिला असता. नोंदींचे ओझे मात्र वाढले. माता-बालकांची ऑनलाइन नोंद, असंसर्गजन्य आजारांचे ॲप, आभा हा प्रत्येकाचा डिजिटल आरोग्य-क्रमांक. आणि रेंज गेली तर हाताशी असावी म्हणून रजिस्टर आहेच.

करोनानंतरचा पैसा आकाराने मोठा आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी देशातल्या स्थानिक संस्थांमार्फत आरोग्याला ७०,०५१ कोटी रुपये सुचवले. त्यात उपकेंद्रांच्या इमारती आहेत, केंद्रांतल्या तपासणी-सुविधा आहेत, तालुका पातळीवरची सार्वजनिक आरोग्य एककेही आहेत. साताऱ्यात २०२१-२२ च्या शैक्षणिक वर्षापासून स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचे पैसेही घेत नाहीत. आयोगाचा कालावधी मात्र ३१ मार्च २०२६ पर्यंतचाच. तपासणीचे यंत्र त्याहून जास्त वर्षे चालावे अशी अपेक्षा, आणि त्यात लागणारे रसायन दर महिन्याला संपते.