मुका मार आणि निरगुडीचा शेक

मुंबई-गोवा महामार्गावर मागून गाडीने ठोकलं, एक्स-रेत हाड शाबूत निघालं, पण महिना उलटला तरी मान धरतेच. अशी माणसं कोकणात गावोगाव आहेत. ‘मुका मार आहे, निरगुडी बांध’ हा सल्लाही ठरलेला. सल्ला वाईट नाही, पण गुण पाल्याचा किती आणि शेकाचा किती, हे कळायला हवं.

मागून धक्का बसला की सीट पाठीला पुढे ढकलते, डोकं मात्र जडत्वामुळे मागे राहतं. सेकंदाच्या दहाव्या भागात मान इंग्रजी ‘एस’सारखी वाकते. स्नायूंना सावरायला वेळच मिळत नाही. मणक्यांमधल्या लहान सांध्यांची आवरणं ताणली जातात आणि ती एक्स-रेत दिसत नाहीत.

आता शेक. तव्यावर परतलेला पाला फडक्यात बांधून ती गरम पुरचुंडी मानेवर दाबत फिरवतात. ठणका वाहून नेणारे ‘सी’ चेतातंतू बारीक आणि उघडे. त्यांचा संदेश सेकंदाला जेमतेम १ मीटर जातो. स्पर्श आणि दाब नेणारे ‘ए-बीटा’ तंतू जाड, वर मायलिनचं, म्हणजे स्निग्ध थराचं, वेष्टन. त्यांचा वेग सेकंदाला ३० ते ७० मीटर. दोन्ही मज्जारज्जूत शिरतात. तिथे स्पर्शाचे तंतू मधल्या निरोधक पेशींना चेतवतात. त्या गाबा आणि ग्लायसिन ही शांत करणारी रसायनं सोडतात, मेंदूकडे निरोप नेणाऱ्या पुढच्या चेतापेशीत क्लोराइड आयन शिरतात, तिचा ऋणभार टिकून राहतो आणि ‘सी’ तंतूने ग्लुटामेट हे चेतवणारं रसायन ओतलं तरी ती सहजी पेटत नाही. मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ साली हा ‘गेट कंट्रोल’ (ठणक्याची वाट अडवणारं फाटक) सिद्धान्त मांडला. पुढे त्यात बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, गाभा टिकला. म्हणजे नुसत्या गरम वाळूच्या पुरचुंडीनेही बराच आराम पडेल. निरगुडीचा अर्क देऊन उंदरांची सूज उतरलेली आहे, पण तो निष्कर्ष पुरचुंडीला जसाच्या तसा लावता येत नाही. ‘एका लेपात मान मोकळी’ असले मेसेज तर सरळ पुसून टाका.

डोक्याला मार लागला असेल तर मात्र पाल्यावर थांबू नका. म्हाताऱ्या माणसांत मेंदूच्या आवरणाखाली रक्त हळूहळू साचतं. दोन-तीन आठवड्यांनी डोकं दुखू लागतं, बोलणं अडखळतं, माणूस विसरतो, वेगळाच वागतो. वळणावरच्या जागेवाल्याचा, म्हणजे जागेच्या राखणदाराचा, कोप म्हणून गाऱ्हाणं घालण्यात इथे दिवस जातात. हे रक्त सीटी स्कॅनमध्ये दिसतं आणि कवटीला लहान छिद्र पाडून काढता येतं. हाताला मुंग्या येत असतील, पकड ढिली पडली असेल, तरीही आधी डॉक्टर, मग पुरचुंडी.