हिवाळी अधिवेशनातील मोर्चे (नागपूर)

महाराष्ट्र विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात सुरू झाले की मंत्री आणि आमदारांना जाब विचारण्यासाठी विधानभवनावर मोर्चे निघू लागतात. १९५३ च्या नागपूर करारात विधिमंडळाचे दरवर्षी किमान एक अधिवेशन नागपुरात घेण्याचे ठरले होते. १९६० मध्ये राज्य स्थापन झाल्यावर ते भरू लागले आणि त्याच्या मागोमाग मोर्चेही आले. विनाअनुदानित शाळांतील शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशा, कोतवाल, प्रकल्पग्रस्त, आरक्षण मागणारे समाज अशा अनेकांचे मोर्चे एकाच दिवशी निघतात. अधिवेशन अलीकडे आखडत चालले आहे. २०२४ चे तर आठवड्याभरातच आटोपले. त्यामुळे तारखांसाठी ओढाताण होते.

बोलताना ‘विधानभवनावर मोर्चा’ म्हणतात, पण मोर्चा सिव्हिल लाइन्समधल्या इमारतीपर्यंत सहसा पोहोचत नाही. धंतोलीतील यशवंत स्टेडियमसारख्या ठिकाणाहून निघालेले लोक मॉरिस कॉलेज टी-पॉइंट, टेकडी रोड किंवा सदरकडील लिबर्टी टॉकीज चौक अशा ठरलेल्या ‘पॉइंट’वर पोलिसांच्या कठड्यांपाशी (बॅरिकेड) अडवले जातात. पुढचा सगळा कार्यक्रम रस्त्यावर बसून होतो. धरणे आणि उपोषणांचे मंडप वेगळ्या ठिकाणी असतात.

परवानगीचा अर्ज पोलीस आयुक्तांकडे करायचा असतो. त्यात आयोजकांची नावे व मोबाइल क्रमांक, अपेक्षित संख्या, निघण्याची जागा व वेळ, मार्ग, बाहेरून येणाऱ्या गाड्या आणि मागण्या लिहाव्या लागतात. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी घ्यावी लागते. संख्या फुगवून लिहिण्याचा मोह अनेकांना होतो आणि तो अंगाशी येतो: दहा हजार लिहून आठशे आले की मागणीचे वजन घटते, आणि हजार लिहून दहा हजार आले की पॉइंटवर जागाच पुरत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली आयुक्त जमावबंदी लावू शकतात, पण असा आदेश सरकारच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. शांततेने, विनाशस्त्र एकत्र येण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९ मध्ये आहे, त्यामुळे नकार मिळालाच तर तो कारणांसह लेखी मागावा.

तारीख निवडताना कामकाज पाहावे. पहिल्या दिवशी बराच वेळ शोकप्रस्तावात जातो आणि शेवटच्या दिवशी मंडळी परतीच्या घाईत असतात. मधले दिवस बरे, पण तेव्हाच गर्दीही जास्त असते. डिसेंबरात नागपूरची रात्र चांगलीच गारठते. मुक्काम असेल तर ताडपत्री, सतरंज्या, पांघरुणे आणि रात्रीच्या जेवणाची सोय आधी लागते, भाषणांची यादी नंतर. प्रत्येक गाडीमागे एक जबाबदार माणूस, दोन्ही कडांना दोर धरलेले स्वयंसेवक, पाणी आणि फिरते शौचालय एवढे नसेल तर लोक दुपारनंतर पांगतात. पांगले नाहीत तर ते अधिक धोक्याचे.

हा धोका २३ नोव्हेंबर १९९४ रोजी दिसला. अनुसूचित जमातीच्या सवलती मागण्यासाठी आलेला, परंपरेने गुरे राखणाऱ्या गोवारी समाजाचा प्रचंड मोर्चा दिवसभर कठड्यांपाशी ताटकळत राहिला. संध्याकाळी लाठीमार आणि पळापळ झाली. चेंगराचेंगरीत ११४ जण मरण पावले; त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. तत्कालीन आदिवासी विकासमंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. झिरो माइलजवळ मृतांचे स्मारक आहे आणि सीताबर्डीतील उड्डाणपुलाला शहीद गोवारींचे नाव आहे. मूळ मागणी मात्र न्यायालयात गेली. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दिलेला अनुकूल निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये रद्द ठरवला. कठड्याजवळची पुढची रांग सर्वांत सुरक्षित समजून तिथे बायका-मुलांना बसवणे ही अजूनही होणारी चूक आहे. मागून रेटा आला की सुटायला जागा तिथेच सर्वांत कमी असते.

पॉइंटवर बसल्यानंतर पोलीस साधारण पाच जणांचे शिष्टमंडळ आत नेतात, किंवा एखादा मंत्री बाहेर येऊन निवेदन घेतो. निवेदन दोन पानांपेक्षा मोठे नसावे. कोणत्या विभागाचा, कोणत्या तारखेचा शासन निर्णय बदलायचा किंवा काढायचा, हे त्यात असावे. ‘न्याय द्या’ एवढ्यावर कोणत्याही कक्ष अधिकाऱ्याला टिपणी लिहिता येत नाही. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी.

खरी फसगत यानंतर होते. ‘मंत्र्यांनी आश्वासन दिले’ म्हणून मोर्चा उठतो, पण ट्रकवर उभे राहून दिलेल्या शब्दाची विधिमंडळात नोंद नसते. विधिमंडळाची आश्वासन समिती पाठपुरावा करते तो सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा. म्हणून जाणते आयोजक अधिवेशनापूर्वीच दोन-तीन आमदारांना गाठून तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) किंवा लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे सरकारचे लक्ष वेधणारी) देववतात आणि मोर्चाचा दिवस शक्यतो त्याच सुमाराला बसवतात. मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून मुंबईकडे निघालेल्या शेतकऱ्यांच्या लाँग मार्चने हेच ताणून धरले. सरकारशी चर्चा झाल्यावरही लोक ठाणे जिल्ह्यातील वाशिंदला थांबून राहिले आणि मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधानसभेत निवेदन केल्यावरच परत फिरले.

बैठक झाली असेल तर तिचे इतिवृत्त लेखी मागावे. ते आले नाही तर माहिती अधिकारात १० रुपयांच्या शुल्कासह अर्ज करावा. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. अर्जात बैठकीची तारीख, दालन आणि निवेदनाचा आवक क्रमांक (कार्यालयात ते नोंदवल्याचा क्रमांक) लिहावा, नाहीतर ‘माहिती आढळून येत नाही’ हे उत्तर ठरलेले.